पाठांतर एका टर्नपुरतं

‘द बॅटल ऑफ पॉलिटोपिया’ नव्याने खेळू लागलेल्या माणसाला जाणते खेळाडू पहिला सल्ला देतात तो असा: पहिले दहा टर्न पाठ कर. अमुक जमात घेतली की पहिल्या टर्नला काय विकत घ्यायचं, दुसऱ्याला किती वॉरियर उभे करायचे, कोणतं तंत्रज्ञान कितव्या टर्नला उघडायचं, हे सगळं ठरलेलं आहे. ते मुकाट पाळ, डोकं नंतर चालव. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यांच्यामागे शेकडो डावांचा अनुभवही असतो. त्यांच्याकडून नवखे हरतात तेही बहुधा पहिल्या दहा टर्नमध्येच, त्यामुळे सुरुवात महत्त्वाची आहे या त्यांच्या म्हणण्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढच्या उडीबद्दल. सुरुवात महत्त्वाची, म्हणून ती पाठ करावी, हे दुसरं वाक्य पहिल्यातून निघत नाही. पाठांतर चालतं ते खेळाने दिलेली हमी जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत. पॉलिटोपियात ही हमी जेमतेम एका टर्नची आहे.

खेळ थोडक्यात असा. मिडजीवान या स्वीडिश कंपनीने तो २०१६ मध्ये मोबाइलवर आणला, तेव्हा त्याचं नाव ‘सुपर ट्राइब्ज’ होतं. चौकोनांचा नकाशा, त्यावर ढग. आपल्या राजधानीभोवतीचा तुकडा तेवढा दिसतो. बहुतेक जमातींना सुरुवातीला एक शहर, एक वॉरियर आणि ५ स्टार मिळतात. स्टार हेच इथलं चलन. शहर जितक्या लेव्हलचं तितके स्टार दर टर्नला देतं, राजधानी एक जास्तीचा देते. म्हणजे आरंभीचं उत्पन्न टर्नला २. नकाशावर विखुरलेली गावं आपला माणूस नेऊन ताब्यात घेता येतात, आणि घेतलेलं प्रत्येक गाव लेव्हल १ चं नवं शहर होतं. लढाईत फासा नाही: कोण कोणावर चालून गेलं तर कोणाचं किती नुकसान होईल, हे आधी मोजता येतं. अनिश्चितता असते ती ढगांखाली काय आहे याची आणि समोरचा माणूस काय करील याची. पडक्या अवशेषांतून काय निघेल ही एक छोटी लॉटरी आहे, पण तिच्यावर डाव उभा राहत नाही.

पाठांतरवाल्यांचं सगळ्यात भक्कम उदाहरण बार्दुर जमातीचं, म्हणून तेच घेऊ. बार्दुरला शिकारीचं तंत्रज्ञान सुरुवातीपासून येतं आणि राजधानीच्या हद्दीत किमान दोन प्राणी असतीलच अशी व्यवस्था नकाशा तयार होतानाच केलेली असते. एका प्राण्याची शिकार २ स्टारची, तिच्यातून लोकसंख्या १ ने वाढते, आणि लेव्हल २ ला जायला लोकसंख्या २ लागते. तेव्हा पहिल्याच टर्नला ४ स्टार खर्चून राजधानी लेव्हल २ ची करायची आणि बक्षीस म्हणून वर्कशॉप निवडायचं, हा पाठ. हिशेब मांडला तर पाठ बरोबरच निघतो. राजधानीचं उत्पन्न २ वरून ३ होतं, वर्कशॉप आणखी १ देतं. ४ स्टारच्या बदल्यात टर्नला २ स्टार जास्त. दोन टर्नमध्ये पैसे वसूल. याहून चांगला सौदा त्या क्षणी नकाशावर नसतो, आणि फळं तोडता येणाऱ्या इम्पीरियसलाही दोन फळांची तशीच हमी असल्यामुळे तोच क्रम तिथेही लागू पडतो. इथवर मीही म्हणेन, पाठ करा. मात्र हा क्रम चांगला का आहे, हे तो पाठ करणाऱ्याला कोणी सांगत नाही. तो चांगला आहे कारण दोन प्राणी हद्दीत आहेत हे माहीत आहे, शिकार येते हेही माहीत आहे, आणि पहिल्या टर्नला कोणी शत्रू दारात येऊ शकत नाही. तिन्ही गोष्टी खेळाने आपल्या हातात ठेवलेल्या. दुसऱ्या टर्नपासून, शिकार येते हे सोडलं तर, यातलं काहीच त्या खात्रीने सांगता येत नाही.

दुसऱ्या टर्नला बार्दुरवाल्याकडे उरलेला १ आणि नव्या उत्पन्नाचे ४ असे ५ स्टार असतात. आता काय? इथे तीन रस्ते फुटतात. राजधानी आणखी वाढवायची म्हटली तर लेव्हल ३ ला आणखी ३ लोकसंख्या लागते, म्हणजे शिकारीच्या दराने ६ स्टार. लेव्हल ३ ला बक्षीस म्हणून तट किंवा रोख ५ स्टार निवडता येतात. रोख घेतले तर ६ मधले ५ लगेच परत येतात आणि टर्नला १ स्टार कायमचा वाढतो. कागदावर हा सौदा पहिल्याहूनही स्वस्त आहे. पण हमी दोन प्राण्यांची होती, पाचांची नव्हती. हद्दीत आणखी तीन प्राणी नसतील तर फळांसाठी किंवा शेतीसाठी नवं तंत्रज्ञान घ्यावं लागतं, आणि सर्वात खालच्या पायरीचं तंत्रज्ञानही एका शहराच्या मालकाला ५ स्टारला पडतं. मग तोच स्वस्त सौदा एकदम दुप्पट महाग. दुसरा रस्ता गावाचा. २ स्टारचा वॉरियर, टर्नला एक चौकोन चाल, गावात पोचल्यावर पुढच्या टर्नला ताबा. एकट्या गावाने उत्पन्न १ ने वाढतं, जे फार वाटत नाही. पण त्या गावाच्या हद्दीत दोन प्राणी निघाले तर राजधानीने पहिल्या टर्नला केला तोच ४ स्टारला २ चा सौदा तिथे पुन्हा करता येतो, कारण लेव्हल २ चं वर्कशॉप प्रत्येक शहराला मिळतं. शहरं वाढवणाऱ्यांच्या हाती खेळ का जातो याचं उत्तर मला इथे दिसतं: वाढीचा सगळ्यात स्वस्त टप्पा हा प्रत्येक शहराचा पहिला टप्पा आहे, आणि नवं शहर म्हणजे तो टप्पा पुन्हा एकदा उपलब्ध. तिसरा रस्ता तंत्रज्ञानाचा. त्याची किंमत शहरांच्या संख्येनुसार चढते. खालच्या पायरीला प्रत्येक शहरामागे १, मधल्या पायरीला २, वरच्या पायरीला ३, आणि त्यात ठरावीक ४ मिळवायचे. एका शहराला ६ ला मिळणारं मधल्या पायरीचं तंत्रज्ञान दोन शहरांच्या मालकाला ८ ला पडतं.

या तीन रस्त्यांत सर्वत्र लागू पडेल असा क्रम लावता येत नाही, कारण तिन्हींचे भाव जमिनीवर ठरतात. गाव दोन चौकोनांवर आहे की सहा? वाटेत जंगल आहे का, ज्यात शिरल्यावर घोडासुद्धा थबकतो? तीन प्राणी हद्दीत आहेत की हद्दीबाहेर लगतच, म्हणजे दिसतात पण हाताला लागत नाहीत? पाठ केलेला क्रम यातलं काहीही विचारत नाही. तो म्हणतो, तिसऱ्या टर्नपर्यंत दोन वॉरियर. नवखा दोन वॉरियर उभे करतो, ते दोन दिशांना ढगांत शिरतात, एका दिशेला समुद्र निघतो, आणि क्रमात त्याचं उत्तर नसल्यामुळे तो वॉरियर किनाऱ्यावर उभा राहतो. त्या चुकीतून शिकावं म्हटलं तर शिकण्यासारखं काही उरत नाही. त्याने निर्णयच घेतलेला नसतो.

हमी संपली की काय होतं, हे दुसरी जमात निवडताच दिसतं. शिन-शीला डोंगर चढता येतात, बाकी काही नाही. तिच्या राजधानीला प्राण्यांची वा फळांची हमी नाही. हद्दीत धातू असला तर खाणकामाचं तंत्रज्ञान ६ चं आणि खाण ५ ची, म्हणजे लेव्हल २ साठी ११ स्टार. हातचे ५ आणि टर्नला २ या वेगाने, मध्ये एक स्टारही दुसरीकडे न जाऊ देता, तीन टर्न थांबावं लागतं. फळं असली तर तंत्रज्ञान धरून ९. ज्या क्रमाने बार्दुर पहिल्या टर्नला श्रीमंत होतो त्याच क्रमाने शिन-शीवाला चौथ्या टर्नपर्यंत हातावर हात ठेवून बसतो. तिची खरी मिळकत वेगळीच आहे: डोंगरावर उभा राहिलेला वॉरियर दोन चौकोन लांबवर पाहतो, म्हणजे ढग लवकर हटतात. ऊमाजीची गोष्ट आणखी वेगळी. तिला घोडेस्वारीचं तंत्रज्ञान आणि एक घोडेस्वार मिळतो, तिच्या भोवती जंगल आणि प्राणी विरळ, आणि ५ स्टारमधून ३ चा दुसरा घोडेस्वार उभा राहतो. तिच्यासाठी राजधानी वाढवणं हा पहिल्या टर्नचा विचारच नाही. यावर जाणता म्हणेल, मग प्रत्येक जमातीचा वेगळा क्रम पाठ करा. ठीक आहे, पण मग नकाशाच्या आकाराचं काय? सगळ्यात लहान नकाशा १२१ चौकोनांचा, सगळ्यात मोठा ९०० चा. लहान नकाशाची बाजू ११ चौकोनांची, घोडेस्वार टर्नला दोन चौकोन जातो. मोकळं रान असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा टर्न पुष्कळ झाले. तिथे राजधानीत कोणी न ठेवता सगळं वाढीवर खर्च करणारा बार्दुरवाला उघडा पडतो, कारण शत्रू शहरात येऊन नुसता उभा राहिला तरी त्या शहराचं उत्पन्न थांबतं. ९०० चौकोनांवर तीच खर्चाची पद्धत शहाणपणाची ठरू शकते. त्यात कोरडा नकाशा आणि बेटांचा नकाशा असा फरक धरा, खेळाडू दोन की आठ ते धरा. इतके क्रम पाठ करण्याऐवजी तीन भाव मोजायला शिकणं सोपं नाही का?

हा सल्ला आला कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ सारख्या १९९९ च्या रिअल-टाइम खेळात पाठांतराला पूर्ण अर्थ आहे. तिथे गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात, टाउन सेंटर रिकामं राहिलं तर ते सेकंद परत मिळत नाहीत, आणि सर्वसाधारण नकाशावर मेंढ्या किती, रानडुकरं किती, हे प्रत्येक खेळाडूला सारखंच ठरवून दिलेलं असतं. म्हणजे हमीही मोठी आणि वेळेचा तगादाही मोठा. पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर, पुढचे लाकडावर, हा क्रम बोटांत मुरलेला असावाच लागतो, नाहीतर विचार करेपर्यंत समोरचा पुढे निघून जातो. त्या खेळांत तयार झालेली ‘बिल्ड ऑर्डर’ची संस्कृती टर्नवर चालणाऱ्या खेळांत तशीच उचलून आणली गेली, तिच्यामागची दोन्ही कारणं मात्र मागेच राहिली. पॉलिटोपियाचे अनेकांमधले डाव बऱ्याचदा असे चालतात की एका टर्नला पुरा दिवस हाताशी असतो. दिवसभराची मुदत असताना बोटांनी विचार करायचं कारण काय, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

मग बुद्धिबळाचं नाव निघतं, आणि ते निघणं रास्तच आहे. बुद्धिबळही टर्नवर चालतं, आणि तिथे ओपनिंगचा अभ्यास नाही तर माणूस उभाही राहू शकत नाही. पण बुद्धिबळाच्या पटावर ३२ मोहरी दर डावाला त्याच घरांत असतात आणि काहीही झाकलेलं नसतं. शतकानुशतकांचा अभ्यास साचत जातो तो त्याच एका आरंभावर. बॉबी फिशरला नेमका याचाच कंटाळा आला. १९९६ मध्ये ब्वेनोस आयरेसला त्याने मागच्या रांगेतली मोहरी सोडतीने मांडायचा प्रकार जाहीर केला. त्यात ९६० मांडण्या होऊ शकतात, आणि एवढ्याशा बदलाने ओपनिंगच्या पाठांतराचा कणा मोडतो. पुढे याच प्रकारातल्या, फिडेच्या अधिकृत जगज्जेतेपदाच्या पहिल्या स्पर्धेत, २०१९ मध्ये, वेस्ली सोने मॅग्नस कार्लसनला हरवलं. खेळणारे तेच अव्वल ग्रँडमास्टर, आणि पाठ केलेलं बाजूला पडल्यावर ते करतात काय, तर मोहऱ्यांची वाढ, राजाची सुरक्षा, मधल्या घरांचा ताबा यांचे हिशेब पहिल्या खेळीपासून मांडतात. ९६० मांडण्यांनी जर ओपनिंगची पुस्तकं कपाटात जात असतील, तर ज्या खेळात दर डावाला नकाशा नवा आणि तोही ढगांखाली, तिथे दहा टर्नच्या पुस्तकाची किंमत काय लावायची? बुद्धिबळाचं उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरतं वाचलं तर ते त्यांच्याच विरुद्ध जातं.

एक आक्षेप याहून खोल आहे आणि तो मी हलका मानत नाही. नवख्याला एकाच वेळी सगळं मोजता येत नाही, त्याचं डोकं भरून जातं, म्हणून निदान काही गोष्टी तरी आपोआप व्हायला हव्यात. पाढे पाठ असल्याशिवाय गणित येत नाही, तसं. शिकवण्याच्या दृष्टीने या म्हणण्यात तथ्य आहे. फक्त काय पाठ करायचं, यात गल्लत होते. सात आठे छप्पन्न हे कोणत्याही गणितात छप्पन्नच राहतं. पॉलिटोपियात असे पाढे आहेत: २ स्टारला लोकसंख्या १, लेव्हल २ ला २ आणि लेव्हल ३ ला ३, वॉरियर २ ला, घोडेस्वार ३ ला, तंत्रज्ञान एका शहराला ५, ६, ७ आणि दोन शहरांना ६, ८, १०. हे पाठ कराच. पण दहा टर्नचा क्रम हा पाढा नाही. ते कोणीतरी सोडवून ठेवलेल्या एका गणिताचं उत्तर आहे, आणि परीक्षेत तेच गणित येईल या भरवशावर ते घोकायचं. आकडे पाठ असलेल्या नवख्याला मोजायला उरतं ते फार थोडं: हातात इतके स्टार आहेत, समोरच्या दोन-तीन खर्चांपैकी कोणता किती टर्नमध्ये वसूल होतो, आणि तोवर कोणी दारात येऊ शकतं का. ही बेरीज शाळकरी मुलाच्या आवाक्यातली आहे.

तंत्रज्ञानाच्या चढत्या किमतीवरून एक उलटा युक्तिवादही ऐकू येतो: शहरं वाढली की तंत्रज्ञान महागतं, म्हणून नवख्याने आधी एका शहरावरच हवी ती तंत्रज्ञानं स्वस्तात घेऊन ठेवावीत. दिसायला हा हिशेबी सल्ला आहे, पण त्यात अर्धाच हिशेब आहे. दुसरं शहर खालच्या पायरीच्या तंत्रज्ञानाला एकदाच १ स्टार महाग करतं, आणि स्वतः १ स्टार दर टर्नला देतं. सुरुवातीच्या तुटपुंज्या उत्पन्नात कोणीच दर टर्नला तंत्रज्ञान घेत नाही, त्यामुळे गाव लांबणीवर टाकून वाचवलेला स्टार हा गमावलेल्या स्टारपेक्षा क्वचितच मोठा असतो. यातून घेण्यासारखी गोष्ट बारीक आहे: तंत्रज्ञान याच टर्नला घ्यायचं असेल आणि वॉरियर याच टर्नला गाव ताब्यात घेणार असेल, तर आधी तंत्रज्ञान, मग गाव. एक-दोन स्टार वाचतात, बस्स. पण पाठांतराच्या बाजारात हीच बारीक गोष्ट ‘आधी तंत्रज्ञान’ असा नियम होऊन फिरते आणि नवखे गावाच्या वेशीवर ताटकळत बसतात.

‘नेहमी वर्कशॉपच घे, एक्स्प्लोरर कधीही नको’ हा नियमही याच जातीचा. बहुतेक वेळा मी त्याच्याशी सहमत आहे. टर्नला १ स्टार वीस टर्नमध्ये २० होतात, आणि एक्स्प्लोरर आपणहून फिरून थोडे ढग हटवतो आणि संपतो. पण वॉरियर चुकीच्या दिशेने तीन टर्न गेला आणि तीन टर्न परत आला तर सहा टर्नचं गावाचं उत्पन्न बुडालं, त्या गावाचं स्वतःचं वर्कशॉपही तितकंच लांबलं, आणि मधल्या काळात ते गाव शेजाऱ्याने उचललं तर मग तोट्याला तळच नाही. चारही बाजूंना ढग, एकच वॉरियर, लहान नकाशा, अशा वेळी प्रश्न उघडा राहतो. ‘कधीही नको’ म्हणणाऱ्याने तो बंद केला आहे, सोडवलेला नाही.

आणि शेवटी समोर माणूस आहे, हे पाठांतरवाले सगळ्यात आधी विसरतात. संगणकाशी खेळताना ठरीव क्रम चालून जातो, कारण तुम्ही ठरीव खेळता हे ध्यानात ठेवून तो तुमच्यावर डाव रचत नाही. माणूस रचतो. समोर बार्दुर आहे आणि खेळाडू पाठ म्हणतो आहे एवढं कळलं की ढगांपलीकडूनही त्याचा खजिना मोजता येतो: पहिल्या टर्नअखेर १ स्टार, दुसऱ्याला ५, म्हणजे फार तर दोन नवे वॉरियर, आणि ते गावं शोधायला बाहेर पडलेले. घोडेस्वार घेऊन येणाऱ्या ऊमाजीवाल्याला याहून जास्त माहिती लागत नाही. जाणते म्हणतील की नवख्याचा प्रतिस्पर्धीही नवखाच असतो, त्याला एवढं कुठून कळणार. पण त्यालाही तोच सल्ला मिळालेला असतो, तोच क्रम त्यानेही पाठ केलेला असतो, त्यामुळे समोरच्याचं काय चाललंय हे ओळखायला त्याला फक्त स्वतःच्या स्टारांकडे बघायचं असतं.

राहिला प्रश्न हरण्याचा: हिशेब मांडत खेळणारा नवखा सुरुवातीला जास्त हरेल, कंटाळेल, खेळ सोडून देईल. पहिल्या काही डावांत तो क्रम घोकलेल्यापेक्षा मागे पडेल, हे खरं आहे. बार्दुरचा पहिला टर्न त्याला सांगून टाकावा, म्हणजे तेवढं तरी अंतर कमी होईल. पण मिडजीवान खेळाचा तोल साधायला अधूनमधून किमती आणि तंत्रज्ञानं बदलते, आणि असा एक बदल आला की क्रम घोकलेल्याला नवा क्रम कोणीतरी तयार करून देईपर्यंत थांबावं लागतं. हिशेब मांडणारा त्या संध्याकाळी बदललेले आकडे वाचतो आणि रात्री खेळायला बसतो.